पेरणीयंत्राची मॉड्युलर रचना : माझा अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा शेती अवजारांचा छोटा कारखाना आहे. खानदेशातला शेतकरी यंदा कोणते पीक घेणार, हे मे महिना सरेपर्यंत नक्की सांगता येत नाही. कापसाचे भाव पडले किंवा गुलाबी बोंडअळीने हात दाखवला की मका आणि सोयाबीनकडे ओढा वाढतो, आणि पाऊस लांबला की ठरलेला बेतही फिरतो. प्रत्येक पिकासाठी वेगळे यंत्र वेल्डिंग करून ठेवण्याच्या पद्धतीत एकाला मागणी असताना दुसरे शेडमध्ये धूळ खात पडायचे आणि भांडवल अडकायचे. म्हणून यंत्र सुट्या, अदलाबदल करता येणाऱ्या भागांत मांडायचे आम्ही ठरवले.

भाग आखणे सोपे गेले. वेळ खाल्ला तो जोडांनी. ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी अडकवणारी थ्री-पॉइंट जोडणी प्रमाणित मापाची असल्याने (पहिल्या श्रेणीत खालची पिन २२ मिमी, वरची १९ मिमी) तिला हात लावायचा प्रश्न नव्हता आणि ती आम्ही वेल्डिंगचीच ठेवली. आडवी तुळई मात्र ७५ मिमी चौकोनी पाइपची केली व प्रत्येक फण तिच्यावर क्लॅम्पने सरकेल असा बसवला, त्यामुळे दोन ओळींतले अंतर मक्यासाठी ६० सेंमी आणि सोयाबीनसाठी ४५ सेंमी असे पान्याने बदलता येते. पाइपच्या लॉटनुसार मापात थोडा फरक पडतो. म्हणून क्लॅम्प नेमका न ठेवता किंचित सैल ठेवला आणि बोल्ट आवळून तो पकड घेईल अशी व्यवस्था केली. थरथराटाने नट ढिले होतात, तेथे आत नायलॉनची कडी असलेले नट वापरले.

खरी गंमत बियाणे सोडणाऱ्या चकतीत आहे. तिच्या प्रत्येक खाचेतून एकेक दाणा पडतो. जमिनीवर फिरणाऱ्या ४० सेंमी व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे १२६ सेंमी भरतो. चाक आणि चकती सारख्याच फेऱ्यांनी फिरवली, तर ६ खाचांच्या चकतीने दोन दाण्यांत सुमारे २१ सेंमी, १२ खाचांच्या चकतीने साडेदहा आणि २४ खाचांच्या चकतीने सव्वापाच सेंमी अंतर पडते. मका, हरभरा व सोयाबीन यांची शिफारस अनुक्रमे २०, १० व ५ सेंमी अशी असल्याने चाकाची फिरकी चकतीपर्यंत नेणारी चेन आणि स्प्रॉकेट (दातेरी चक्र) तेच ठेवून फक्त चकती बदलणे पुरते. दाण्याच्या आकारानुसार खाच मात्र वेगळी कापावी लागते. ओल्या काळ्या जमिनीत चाक घसरून अंतर वाढते, हे कागदावरच्या हिशेबात दिसत नाही. त्यासाठी शेतातच चाचणी घ्यावी लागते.

सर्वच भाग सुटे करण्याचा मोह मी आवरला. प्रत्येक जोड म्हणजे जादा लोखंड आणि जादा वजन. पारोळ्याकडच्या एका काकांनी नमुना पाहताच सांगितले, "हाई तं भलतं जड शे." त्यांचा ट्रॅक्टर लहान होता आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. मिनी ट्रॅक्टरसाठी त्याच पाइपची आखूड तुळई, तीन फण आणि पत्र्याऐवजी प्लास्टिकची बियाणेपेटी असा संच केला. क्लॅम्प, चकत्या व चेन मात्र मोठ्या यंत्राच्याच राहिल्या.

आता हंगामापूर्वी आम्ही तुळया आणि फण तयार करून ठेवतो व ऑर्डर आल्यावरच जुळणी करतो. खतपेटी त्याच क्लॅम्पवर बसवण्याचे काम सुरू आहे. खताने पत्रा गंजतो, त्यामुळे तीही प्लास्टिकची करावी की स्टेनलेस स्टीलची, याचा खर्च सध्या मांडत आहोत.