मायटर सॉ घेताय? आधी भिंत मोजा

आज ठाण्याच्या दुकानात दोन मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापायच्या विजेच्या करवती, शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही १० इंची पात्याचे, एक साधा, एक स्लायडिंग, म्हणजे दांड्यांवर पातं पुढे-मागे सरकणारा. साध्यावर साधारण १४० मिमी रुंद फळी सरळ कापता येते, ४५ अंशात ती जेमतेम ९०-९५ वर येते. बीडिंग आणि फोटोफ्रेमला एवढं पुष्कळ. स्लायडिंगवर ३०० मिमीच्या आसपास जाता येतं, पण बऱ्याच मॉडेलांचे दांडे मागे सरकतात. बाल्कनीत भिंतीलगत टेबल असेल तर मागे फूटभर जागा कुठून आणणार?

दुकानातच टाकाऊ पट्टी कापून बघा. ९० अंशाला काप घ्या, एक तुकडा उलटा करा, दोन्ही फेन्सला (लाकूड टेकवायच्या मागच्या सरळ पट्टीला) टेकवून जोडा. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी. फक्त पट्टीच्या कडा सरळ हव्यात, नाहीतर बिचाऱ्या मशीनला उगाच दोष!

सोबत येणारं पातं बहुधा कमी दात्यांचं असतं, सनमायका लावलेल्या प्लायच्या कडा उडवतं. ६० ते ८० दात्यांचं कार्बाइड पातं वेगळं घ्या, मधलं भोक २५.४ की ३० मिमी ते आधी बघून. कापाची रेघ दाखवणाऱ्या लेझरवर मात्र पैसे घालवू नका. मोटर १५००-१८०० वॉटची, म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट.