क्युबिट, स्टेडियन, योजन मीटरमध्ये आणताना

क्युबिट म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं जुनं माप. ‘१ क्युबिट = ४५.७२ सेंमी’ हा आकडा ऑनलाइन कोष्टकांत सर्रास दिसतो. १८ ला २.५४ ने गुणलं की तो मिळतो. म्हणजे मूळ माहिती ‘साधारण १८ इंच’ एवढीच होती. गुणाकार झाला आणि अंदाजाला दोन दशांश स्थळं चिकटली. जुन्या मापांचं रूपांतर बिघडतं ते बहुधा इथेच.

हे काम दोन टप्प्यांत करावं. आधी त्या मापनपद्धतीच्या आतला हिशोब सगळ्यात लहान एककात उरकायचा आणि मीटरकडे एकदाच, अगदी शेवटी वळायचं. आतली प्रमाणं पूर्णांकात ठरलेली असतात, त्यामुळे तिथे चूक शिरत नाही. इजिप्तच्या शाही क्युबिटमध्ये ७ तळवे (तळहाताच्या रुंदीची मापं) आणि २८ बोटं. रोमन फुटाची १६ बोटं किंवा १२ उन्सिया, ५ फुटांचा पासुस, १००० पासुसचा मैल. कौटिल्याकडे ८ यवांचं अंगुळ, १२ अंगुळांची वितस्ती, २४ अंगुळांचा हात.

समजा, लांबी ३ शाही क्युबिट ४ तळवे २ बोटं आहे. ८४ + १६ + २ = १०२ बोटं. आजवर टिकलेल्या मोजपट्ट्यांवरून शाही क्युबिट ५२.३ ते ५२.९ सेंमी धरतात. त्याला २८ ने भागून १०२ ने गुणलं की १९०.५ ते १९२.७ सेंमी येतात. उत्तर ‘सुमारे १९१ ते १९३ सेंमी’ असं लिहावं. ५२.४ घेऊन येणारे १९०.८८६ गणिताने बरोबर असले तरी त्यातले शेवटचे तीन अंक निरर्थक आहेत.

मीटरशी सांधा जोडणारा गुणक मोजपट्टीवरून मिळतो, नाहीतर बांधकामावरून. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायाची बाजू सुमारे २३०.३ मीटर आहे आणि ती ४४० क्युबिटची मानतात. त्यावरून ०.५२३४ मीटर येतात, ते मोजपट्ट्यांशी जुळतं. जेरुसलेमच्या सिलोआम बोगद्याचं तसं नाही. तिथल्या कोरीव लेखात लांबी १२०० क्युबिट दिली आहे, प्रत्यक्ष बोगदा सुमारे ५३३ मीटर. भागाकार ०.४४४ येतो आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण १२०० हा गोळाबेरीज आकडा आहे. लेख कोरणाऱ्याने जवळच्या शेकड्यात लिहिलं असेल, तर खरी लांबी ११५० ते १२५० क्युबिटमध्ये कुठेही असू शकते आणि क्युबिट ४२.६ ते ४६.३ सेंमी होतो. तेव्हा गुणक काढताना मूळ आकड्याच्या शेवटी किती शून्यं आहेत ते आधी बघावं.

एकाच नावाची अनेक मापं हा दुसरा सापळा. इजिप्तमध्येच ६ तळव्यांचा लहान क्युबिट होता, सुमारे ४५ सेंमीचा. कौटिल्याचं नेहमीचं धनुष्य ९६ अंगुळांचं, पण रस्ते आणि तटबंदीसाठी १०८ अंगुळांचं, म्हणजे थेट साडेबारा टक्के जास्त. ग्रीक स्टेडियन ६०० फुटांचा, पण फूट गावोगावी वेगळा. ऑलिंपियाची धावपट्टी १९२.२७ मीटर आहे, म्हणजे तिथला फूट ३२ सेंमी. रोमन लेखक ८ स्टेडियनचा मैल धरतात, म्हणजे स्टेडियन ६२५ रोमन फुटांचा. रोमन फूट २९.६ सेंमी घेतला तर तो १८५ मीटर होतो.

प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडियन काढला. १५७.५ मीटरचा स्टेडियन घेतला तर ३९,६९० किलोमीटर, १८५ मीटरचा घेतला तर ४६,६२०. पहिला आकडा खऱ्या परिघाच्या अगदी जवळ येतो म्हणून १५७.५ च बरोबर, असा युक्तिवाद वारंवार होतो. उत्तर माहीत असताना एकक निवडण्याचा हा प्रकार मला तरी पटत नाही. योजनाच्या बाबतीतही तेच. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजनं दिला, सूर्यसिद्धान्तात तो १६०० आहे. आजच्या १२,७४२ किलोमीटरला भागलं तर योजन एकीकडे १२.१ किलोमीटर, दुसरीकडे ८. आता आर्यभटाचीच व्याख्या लावून बघा: ८००० नृ म्हणजे एक योजन, ४ हात म्हणजे एक नृ. १२.१ किलोमीटरवरून हात ३८ सेंमीचा निघतो, तो फारच आखूड. ४५ सेंमीचा हात घेतला तर योजन १४.४ किलोमीटर आणि पृथ्वीचा व्यास १५,१२० किलोमीटर होतो. दोन्हीकडे काहीतरी जुळत नाही. असं झालं की तडजोडीचा मधला आकडा न घेता दोन्ही उत्तरं नोंदवावीत.

भाषांतरित ग्रंथांत फ्रेंच मापं विशेष फसवतात. १७९९ मध्ये मीटर ४४३.२९६ लीन (फ्रेंच इंचाचा बारावा भाग) ठरला. फ्रेंच फूट १४४ लीनचा, म्हणजे ३२.४८ सेंमी, आणि इंच २.७०७ सेंमी. नेपोलियनची मृत्यूनंतर नोंदलेली ५ फूट २ इंच ४ लीन ही उंची इंग्रजी मापात वाचली तर १५८ सेंमी, फ्रेंच मापात जवळपास १६९.

क्षेत्रफळात गुणकाचा वर्ग होतो, त्यामुळे लांबीतली एक टक्क्याची चूक तिथे दोन टक्के आणि घनफळात तीन टक्के होते. स्प्रेडशीट करत असाल तर मूळ आकडा आणि एकक जसंच्या तसं एका स्तंभात राहू द्या. एककाचा नेमका प्रकार, गुणक, त्याची खालची-वरची मर्यादा आणि तो कशावरून घेतला, हे बाजूच्या स्तंभांत. गोळाबेरीज फक्त छापायच्या आकड्यावर करा, मधल्या पायऱ्यांवर नाही.

आधुनिक फूटही एकच नाही. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय फूट अचूक ०.३०४८ मीटर आहे, तर अमेरिकेचा सर्वेक्षण फूट १२००/३९३७ मीटर होता आणि तो २०२२ अखेर अधिकृत वापरातून गेला. फरक दशलक्षात दोन. भिंत मोजताना तो जाणवतही नाही, पण जुन्या अमेरिकन नकाशावरचा २० लाख फुटांचा निर्देशांक (आरंभबिंदूपासूनचं अंतर) चुकीच्या फुटाने बदलला तर बिंदू ४ फूट सरकतो.