राणीछाप रुपयाची किंमत काढायला गेलो आणि तीन आठवडे गेले

आजी गेल्यावर तिच्या पितळी डब्यातनं सात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे रुपये निघाले, पाचांवर १८६२ साल. भावाने यूट्यूब बघून लगेच जाहीर केलं की लाखाच्या खाली सोडायचं नाही. मी आपला गेलो जुन्या नाण्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे, खरी किंमत कळावी एवढीच इच्छा.

तिथला माणूस म्हणाला फोटो व्हॉट्सअॅप करा. केले. आठ दिवस निळ्या टिका दिसतायत पण उत्तर नाही. फोन केला तर "दोन्ही बाजूंचे पाठवा", मी दोन्ही बाजूंचेच पाठवले होते! परत पाठवले, मग "प्रत्यक्ष आणा". अर्धी सुट्टी टाकून गेलो तर "साहेब बाहेरगावी आहेत, नाणी ठेवून जा". पावती मागितली तर तोंड वाकडं. नाणी परत खिशात घातली. पुढच्या शनिवारी साहेब भेटले, चिमटीत धरून पाच सेकंद बघितलं आणि म्हणाले चांदीच्या भावाने घेतो. का, ते सांगायलाच तयार नाहीत, ताकास तूर लागू देईनात. तीन आठवड्यांत मला मिळालं काय तर वजनाचा भाव, तो तर आमच्या गल्लीतल्या सोनाराने चहा पाजून सांगितला असता.

शेवटी एका नाण्यांच्या प्रदर्शनात एक म्हातारे काका भेटले, त्यांनी भिंग काढून पाच मिनिटांत सगळं उलगडलं. १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत तसंच छापत राहिले, म्हणून ही नाणी ढिगाने आहेत. तारखेखाली बारीक ठिपके असतात, फरक त्यांच्यात, ते भिंगाखाली मोजायचे. चार रुपये अगदी साधे निघाले, एकाचे ठिपके जरा वेगळे. खरा रुपया एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम भरतो, तेव्हा आधी सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, मी हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

मग काकांनी विचारलं, "हे घासलंय का कोणी?" आता काय सांगू, आई दर लक्ष्मीपूजनाला दंतमंजन लावून चकाचक करते. घासलेल्या नाण्याला संग्राहक निम्मा भावही देत नाहीत म्हणे. काळं असलं तरी घासू नका.

हो, आणि डब्यात १९४७ चा वाघाचा रुपया होता, मी चांदीचा समजलो. चुंबक लावलं तर चिकटला, निकेलचा आहे तो. चांदी चिकटत नाही.

भावाला अजून एकाचा मेसेज आलाय, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र, आधी रजिस्ट्रेशन फी भरा मग नाणी विकत घेतो. असल्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये इशारा दिलाय, बँक कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही. ब्लॉक करायला लावला, तरी तो मधूनच विचारतो की एकदा भरून बघू का.

सहा रुपये विकायचे नाहीत असं ठरलं, ठिपकेवाला काकांना परत दाखवणार. दंतमंजनाचा डबा मात्र मी कपाटावर वर ठेवलाय.