‘खर्च काही धरू नका, सर’

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्यातली वारी. जिन्यापर्यंत माणसं, आयकराचं पोर्टल मधेच गिरक्या खात बसलेलं आणि चहावाल्याची चौथी फेरी. इचलकरंजीत माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागवाले, सूतवाले, दोनचार दुकानदार. बावीस वर्षं एकच वाक्य ऐकतोय : ‘सर, बघा जरा, कमी बसवा.’

उत्पन्न जास्त दाखवा म्हणणारा माणूस मला २०२४ च्या त्या आठवड्यात पहिल्यांदा भेटला. त्याचं नाव लिहीत नाही, आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत.

मी त्याला दिवाणजी म्हणतो, कारण माझ्या एका जुन्या पक्षकाराच्या कारखान्यात तो दिवाणजी होता. कामगारांचा पगार, मागावर चढवायच्या सुताच्या बिमांचा हिशेब, सुताची आवकजावक सगळं त्याच्याकडे. अक्षर छापल्यासारखं. शनिवारी पगारवाटपात पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत जेवायला न जाणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून एका साखळी विक्रीच्या कंपनीत शिरला. आरोग्याच्या पावडरी, साबण, टूथपेस्ट वगैरे. मलाही एकदा ‘प्लॅन’ दाखवून गेला होता. एका कागदावर वर्तुळाखाली दोन वर्तुळं, त्याखाली चार. मी चहा पाजून वाटेला लावलं होतं.

आता आला तो ब्लेझर घालून. बाहेर पावसाची झड, आत उकाडा, आणि ब्लेझरच्या कॉलरवर सोनेरी पिन. खुर्चीवर बसला तरी बटण उघडेना.

मी त्याचा २६एएस काढला. हा म्हणजे तुमच्या नावावर सरकारजमा झालेल्या टीडीएसचा, आधीच कापलेल्या कराचा उतारा. २०२३-२४ या वर्षात कंपनीनं ६,४१,२०० रुपये कमिशन दिलेलं, त्यावर पाच टक्क्यांनी ३२,०६० रुपये कापलेले. सवयीनं मी बेरजेवर पिवळा मार्कर फिरवला आणि म्हणालो, ‘आता खर्चाची बिलं काढा.’

‘खर्च काही धरू नका, सर. सहा लाख एकेचाळीस हजार तसेच जाऊ देत.’

मला वाटलं, गाडीच्या कर्जासाठी असेल. तर म्हणाला, ऑगस्टात पुण्याला कार्यक्रम आहे. वरच्या पिनला, म्हणजे वरच्या हुद्द्याला पोचलेल्यांना स्टेजवर बोलावतात आणि मागच्या पडद्यावर त्यांचा आयटीआर, म्हणजे आयकराचं विवरणपत्र दाखवतात. ‘अपलाइननं, म्हणजे माझ्या वरच्या माणसानं सांगितलंय, नेट इन्कमच्या रकान्यात फिगर दिसली पाहिजे. दोन हजार माणूस असतंय सर हॉलमध्ये. मंडळीला पण बोलावतात वर, हार घालतात.’ हे सांगताना त्याचा हात पिनवर गेला.

आता गंमत बघा. खर्च न धरता विवरणपत्र भरलं असतं तरी त्याला एक रुपयाही कर बसत नव्हता. त्या वर्षी नव्या कररचनेत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ८७ए कलमाखाली पूर्ण सूट होती. कापलेला टीडीएससुद्धा परत आला असता. सरकारचं नुकसान शून्य, माझी फी तेवढीच, काम मात्र पाव. मोह झाला नाही म्हणणार नाही. बाहेर अठरा माणसं बसली होती.

पण लहान धंद्याचा नफा विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी धरायचा जो ४४एडी कलमाचा ठोकताळा, त्यात कमिशनचं उत्पन्न बसत नाही. त्यासाठी नफातोटा पत्रक मांडावं लागतं आणि त्याखाली सही त्याची असली तरी खरंखोटं बघायला मी बसलेला असतो. मी कोरा कागद पुढे सरकवला. ‘दिवाणजी, तुम्हीच मांडा. मला काय विचारता?’

त्यानं कागद आडवा घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला एकच ओळ. विकलेल्या मालाची खरेदी आणि विक्री जवळपास समान होती, ती त्यानं बाजूला काढली. मग नावेकडे सुरुवात झाली. डिझेल आणि गाडीची दुरुस्ती १,३८,०००, बिलं वर्षभराची फाइलला लावलेली, माणूस तोच. गाडीच्या कर्जाचं व्याज ५८,०००. सेमिनारची तिकिटं आणि राहणं ७४,०००. हॉलचं भाडं, चहा-बिस्किटं ४६,०००. ब्लेझर, बूट, बायकोच्या दोन साड्या २२,०००.

इथं पेन थांबलं. मी विचारलं, ‘पिन टिकवायला महिन्याला किती माल उचलावा लागतो?’

‘व्हॉल्यूम कमी पडला की उचलतो. तीस तारखेला. माझ्या आयडीवर, हिच्या आयडीवर, मेव्हण्याच्या.’ आणि त्यानं लिहिलं : न विकलेला माल ३,१२,०००. त्याखाली आणखी एक ओळ, जरा बारीक अक्षरात. खालच्या दोन पोरांची खरेदी स्वतःच्या खिशातून, ८५,०००. त्यांची ‘लेग’, म्हणजे याच्या खालची फांदी, पडली असती तर याची पिन गेली असती.

२०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे जे नियम आले, त्यात नोंदणीसाठी फी घ्यायला आणि पिरॅमिडला, म्हणजे नवी माणसं भरती करून कमाई करण्याला, मनाई आहे. पण याच्याकडून फी कुणी मागितलीच नव्हती. महिनाअखेरीला हा आपल्या हातानं ऑर्डर टाकत होता, आणि ती विक्री धरून त्याला कमिशन मिळत होतं. म्हणजे त्या पिवळ्या बेरजेतले काही पैसे त्याचेच होते, टीडीएस कापून परत आलेले.

बेरीज त्यानं तोंडी केली. सात लाख पस्तीस हजार. जमेतून वजा जाता ९३,८०० नावे, म्हणजे तोटा. त्यानं परत वरून खाली बोट फिरवत मोजलं. मग आकड्याखाली दोन रेघा मारल्या, कारखान्यात मारायचा तशाच.

‘फरक कुठंय बघा की सर जरा.’

फरक कुठेच नव्हता.

आयकरात अर्थात यातलं सगळंच चालत नाही. कपडे काढले, पोरांना दिलेले काढले. उरलेला माल खर्चातून काढून साठा म्हणून धरायचा, तेव्हा यादी हवी. त्यानं घरी फोन लावला. पलीकडून बायको पलंगाखालचे डबे काढून तारखा वाचत होती आणि हा लिहीत होता. ‘हा गेला... हा पण गेला... हा डिसेंबरपर्यंत आहे.’ मुदत संपलेल्या मालाची किंमत आम्ही शून्य धरतो. घरी वापरलेला माल वेगळा काढला. सगळं करून उत्पन्न निघालं २,०३,२००. कारखान्यात त्याला महिना १८,००० होते, म्हणजे वर्षाला २,१६,०००. हे मी बोललो नाही. त्यानंच कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला आणि खोडला.

‘हेच भरायचं?’

‘मी भरणार असेन तर हेच.’

बराच वेळ तो पंख्याकडे बघत बसला. ब्लेझर काढला, मांडीवर घडी करून ठेवला. शर्ट पाठीला चिकटला होता. मोबाइलवर ओटीपी आला तेव्हा सहाही आकडे त्यानं एकेक करून, स्वच्छ वाचून दाखवले. टीडीएसचा परतावा किती दिवसांत येतो, एवढं विचारलं. जाताना म्हणाला, ‘तो उताऱ्याचा कागद घेऊ काय, सर? फाइलला लागंल.’ मी दिला. हिशेबाचा कागद टेबलावरच राहिला.

रात्री अकराला ऑफिस बंद करताना सहज व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. त्याच्या स्टेटसला फोटो होता : २६एएसचं पान, त्यावर आगीच्या तीन खुणा आणि खाली ‘ऑफिशियल प्रूफ, गव्हर्न्मेंट रेकॉर्ड’. कोपऱ्यात पिनचा फोटो. आणि मधे ६,४१,२०० वर माझ्या मार्करचा पिवळा पट्टा.