गॅसशिवाय थालीपीठ: ऐरोलीतला आमचा विजेवरचा फूड ट्रेलर

ऐरोलीतल्या एका आयटी पार्कच्या आवारात ट्रेलर लावायला जागा मिळाली ती एका अटीवर: आत गॅस सिलिंडर आणायचा नाही. थालीपीठ, वडे, मिसळ, चहा, जे काही करायचं ते विजेवर. हा गाडा मी आणि माझ्या जाऊबाई मिळून चालवतो. रांधायची सवय दोघींनाही होती, विजेचा हिशेब मात्र पहिल्यापासून शिकलो. त्यातलं एक मला ठासून सांगायचंय. हा हिशेब मेनूपासून सुरू करा. आधी उपकरणं घ्यायची आणि मग लोड बघायचा, असं केलं तर पैसे नक्की अडकतात.

आम्हाला सिंगल फेजचा 32 अँपिअरचा पॉइंट मिळाला. 230 गुणिले 32, म्हणजे साधारण 7.3 किलोवॅट. पण तासन् तास चालणारा लोड त्याच्या 80 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, असं आमच्या वायरमन काकांनी बजावलं. राहिले सहाच्या आसपास. आता मांडून बघा: तवा 3 किलोवॅट, फ्रायर 3, चहाचं इंडक्शन 2, रश्श्याचं 2, वर फ्रिज, एक्झॉस्ट, दिवे. बेरीज दहाच्या पुढे जाते. जास्त लोड घेणारी तीन फेजची केबल ओढायची तर तो खर्च आमच्या माथी होता. म्हणून आम्ही कामंच घड्याळाप्रमाणे लावली.

सर्वांत आधी चहा होतो. तो दिवसभर उकळत ठेवत नाही, मोठ्या थर्मासमध्ये भरतो. पाच लिटरला अर्धा युनिट लागतो (1 किलोवॅट तासभर चाललं की एक युनिट) आणि एका इंडक्शनवर पंधरा मिनिटांत काम होतं. संपत आला की दुसरा ताजा. रस्सा घरून उकळता आणतो, जाड झाकणाच्या इन्सुलेटेड डब्यातून, आणि गरम पाण्याच्या टाकीत 60 अंशांच्या वर धरून ठेवतो. इतकं केल्यावर रश्श्याचं इंडक्शन लागेनासंच झालं.

वड्यांनी फार विचार करायला लावला. गॅसवर घाणा सोडल्यावर तेल थंडावलं तर आच मोठी करता येते. इथे 3 किलोवॅट म्हणजे 3 किलोवॅट, त्याच्या वर काही मिळत नाही. सहा लिटर तेल 180 अंशांवर यायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि एकदम खूप वडे सोडले तर ताप इतका उतरतो की वडे तेल पितात. म्हणून घाणा लहान घ्यायचा आणि दोन घाण्यांमध्ये तेलाला सावरायला वेळ द्यायचा. वडे सकाळच्या पहिल्या शिफ्टपुरतेच करतो. गर्दी ओसरली की फ्रायर बंद आणि तवा चालू. दुपारी कुणी वडा मागितला तर नाही म्हणताना जीवावर येतं, पण मऊ पडलेला वडा देण्यापेक्षा ते बरं.

तवा निवडताना जाऊबाईंचा आग्रह बिडाच्या तव्याचा होता, आणि बीड इंडक्शनवर चालतंही. पण घरगुती इंडक्शनची कॉइल वीतभर रुंदीची. मोठ्या तव्याचा मध्य करपतो, कडा गार राहतात, थालीपीठ काठाला कच्चं. शेवटी खाली हीटिंग एलिमेंट असलेला, थर्मोस्टॅटवाला सपाट तवा घेतला. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की चार थालीपीठं सारखी खरपूस होतात. बाकी भांडी घेताना खिशात चुंबक ठेवा. बुडाला चिकटलं तरच घ्या. ॲल्युमिनियमचे टोप आणि पितळी पातेली इंडक्शनला चालत नाहीत. आणि आमच्यासारखं पिठाचं काम असेल तर इंडक्शनच्या पंख्याची जाळी रोज पुसायची. भाजणी उडते, तेलाच्या वाफेबरोबर जाळीत बसते, आणि मशीन तापून बंद पडतं.

सगळ्यात जास्त वेळ मी अर्थिंगवर, म्हणजे गाड्याची बॉडी जमिनीला जोडण्यावर, देईन. ट्रेलर म्हणजे रबरी चाकांवर उभा असलेला लोखंडी डबा. आत एखादी फेज, म्हणजे जिवंत तार, बॉडीला लागली आणि अर्थ नसेल, तर ओल्या जमिनीवर उभं राहून काउंटरला हात लावणारं गिऱ्हाईकच अर्थ होतं. यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळला की पडून वीज तोडणारा स्विच, लागतोच. आवाराच्या पॉइंटवर तो चोख काम करतो, कारण त्या पुरवठ्याचा न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परतण्याची तार, ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. रविवारी मात्र आम्ही खारघरला सोसायट्यांच्या कार्यक्रमांना जातो, तिथे गाडा बॅटरी आणि इन्व्हर्टरवर चालतो. बऱ्याच इन्व्हर्टरचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. गळतीच्या प्रवाहाला परतायला वाट नसली की आरसीसीबी पडत नाही, दोष तसाच लपून राहतो, आणि दुसरा दोष झाला की जिवावर बेततं. काका म्हणाले, "ताई, टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो म्हणून निर्धास्त राहू नका. ते बटण न्यूट्रल सुटा असला तरी चालतं." त्यांनी एक रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, बसवला. बॅटरीवर असताना तो न्यूट्रल आणि बॉडी जोडतो, बाहेरची वीज आली की सोडतो. मग त्यांनी फेज आणि बॉडीमध्ये छोटा टेस्ट लॅम्प धरून, बाहेरच्या विजेवर आणि बॅटरीवर, दोन्हीकडे आरसीसीबी पाडून दाखवला. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि असं समोर दाखवायला सांगा.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 51.2 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर, म्हणजे दहा युनिटच्या थोडी वर. तवा, चहा, फ्रिज मिळून तीन तासांची संध्याकाळ सात-आठ युनिटांत होते. फ्रायर त्या दिवशी नेत नाही. छतावर सोलर का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. आमच्या छतावर दोनच पॅनल मावतात, कडक उन्हात दिवसाला चार युनिट फार तर, आणि ट्रेलर लावायचा झाडाच्या सावलीत.

अन्न नोंदणी एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, पोर्टलवर करावी लागते. ट्रेलरला आरटीओचा स्वतःचा नंबर लागतो, तेव्हा बनवणाऱ्याकडून कागद आधी मागून घ्या.

खर्चाचं गणित ज्याचं त्यानं आपल्या दरानं करावं, आकडे देते. 19 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 240 युनिटांइतकी उष्णता असते, पण उघड्या बर्नरवर त्यातली निम्मीसुद्धा भांड्यात उतरत नाही. इंडक्शनवर सुमारे 85 टक्के उतरते. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक साधारण सव्वाशे युनिटांत होतो. आमच्या सबमीटरच्या दरानं वीज थोडी महाग पडते. पण मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात ज्वाळेशेजारी उभं राहावं लागत नाही, आणि जाऊबाईंना पूर्वी दुपारी यायची तशी घेरी आता येत नाही. त्या थोड्या महागाईचं मला काही वाटत नाही.

पावसाळ्यात केबल ट्रेलरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन बांधतो, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून टपकतं, सॉकेटपर्यंत जात नाही. निळा औद्योगिक प्लग जमिनीवर कधीच पडू देत नाही, आणि जोडण्या-काढण्याआधी मेन एमसीबी, म्हणजे मुख्य स्विच, खाली.