यंत्रे कोणाची, निर्णय कोणाचे

संगणकशास्त्र शिकवत असल्यामुळे मला ठिकठिकाणी बोलायला बोलावतात, आणि भाषणाचा विषय कोणताही असला तरी शेवटी एक प्रश्न येतोच: कृत्रिम बुद्धिमत्तेचे पुढे काय होणार हे चार-पाच बड्या कंपन्याच ठरवणार का? माझे उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असे आहे. पण त्या हे कसे ठरवतात ते पाहिल्याशिवाय या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही, आणि सभागृहातल्या पाच मिनिटांत ते सांगून होत नाही. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

मी नेहमी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे उदाहरण घेतो, कारण ही संस्था नेमक्या याच भीतीतून जन्माला आली होती. हे तंत्रज्ञान एखाद्या नफेखोर कंपनीच्या मुठीत जाऊ नये, त्याचा लाभ साऱ्या मानवजातीला व्हावा, असे जाहीर करून डिसेंबर २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ती ना-नफा संस्था म्हणून स्थापन झाली. चार वर्षांतच तिच्या लक्षात आले की मोठे मॉडेल, म्हणजे प्रचंड मजकुरावरून शिकणारी संगणकीय प्रणाली, घडवायला हजारो महागड्या चिप आठवडेच्या आठवडे चालवाव्या लागतात आणि देणग्यांतून तो खर्च भागत नाही. २०१९ मध्ये तिने मर्यादित नफ्याची एक उपकंपनी काढली आणि मायक्रोसॉफ्टने तीत एक अब्ज डॉलर गुंतवले. त्या रकमेची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र त्याच करारातली दुसरी अट अधिक महत्त्वाची वाटते. ओपनएआयचे काम यापुढे मायक्रोसॉफ्टच्या ‘अॅझ्युर’ या क्लाउडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच भाड्याच्या संगणकांवर, चालेल, असे त्यात ठरले होते.

कागदावर सारे अधिकार ना-नफा संस्थेच्या संचालक मंडळाकडेच राहिले. मायक्रोसॉफ्टला त्या मंडळात एकही जागा नव्हती. मग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी मंडळाने आपला हा अधिकार वापरला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना काढून टाकले. सोमवार उजाडेपर्यंत मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी ऑल्टमन यांना आपल्याकडे घेत असल्याचे जाहीर केले, आणि सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिक जणांनी ‘मंडळाने राजीनामा द्यावा, नाहीतर आम्हीही तिकडे जाऊ’ असे पत्र लिहिले. पाच दिवसांत ऑल्टमन परतले. त्यांना काढणाऱ्या चार संचालकांपैकी तिघांना मंडळ सोडावे लागले.

मंडळाचा निर्णय योग्य होता असे मी म्हणत नाही. त्यांनी दिलेले कारण अपुरे होते. पण कर्मचाऱ्यांची धमकी पोकळ का ठरली नाही, याचा विचार करायला हवा. ते जिथे जाणार होते तिथे यंत्रे होती, त्यांचे संशोधन वापरण्याचा हक्क होता आणि पगार द्यायला पैसा होता. मंडळाकडे फक्त संस्थेची नियमावली होती. एखाद्या संस्थेने सद्हेतूने स्वतःवर घालून घेतलेली बंधने, तिची यंत्रे दुसऱ्याच्या मालकीची असतील तर किती काळ टिकतात, याचे इतके स्पष्ट उत्तर एरवी मिळाले नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयची पुनर्रचना झाली. संचालक नेमण्याचा अधिकार ना-नफा प्रतिष्ठानकडे राहिला, पण भागभांडवलात तेव्हा त्याचा हिस्सा सुमारे २६ टक्के आणि मायक्रोसॉफ्टचा सुमारे २७ टक्के ठरला.

हे एकाच संस्थेचे दुर्दैव मानता येणार नाही. अशीच मॉडेले घडवणाऱ्या अँथ्रॉपिकमध्ये अॅमेझॉन आणि गुगल या दोघांचेही पैसे आहेत, आणि डीपमाइंड ही एआय संशोधन कंपनी तर २०१४ पासून गुगलचीच आहे. याच्या खाली चिपचा थर आहे आणि तिथे हात आणखी कमी: आराखडा बहुतांशी एनव्हिडियाचा, उत्पादन तैवानच्या टीएसएमसीचे, आणि त्यासाठी लागणारी चिपवर सूक्ष्म परिपथ छापणारी सर्वांत प्रगत यंत्रे जगात फक्त नेदरलँड्सच्या एएसएमएलकडे मिळतात.

मालकी एकवटली की ज्ञानही आटू लागते. आजची जवळपास सारी भाषिक मॉडेले ज्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर उभी आहेत, ती गुगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये शोधनिबंध लिहून जगापुढे मोकळेपणाने मांडली होती. मार्च २०२३ मध्ये ओपनएआयचे जीपीटी-४ हे मॉडेल आले, तेव्हा त्याच्या अहवालात मॉडेलचा आकार, त्याची रचना आणि त्याला शिकवायला वापरलेली माहिती यांचा तपशील स्पर्धा आणि सुरक्षितता ही कारणे देऊन वगळला होता. शिक्षक म्हणून मला याचे फार वाईट वाटते. माझ्या विद्यार्थ्यांनी ज्याच्यावर आयुष्यभर काम करायचे, त्याचे अंतरंग त्यांना दाखवता येत नाही.

आता हे निर्णय आपल्यापर्यंत कसे पोचतात ते पाहा. मॉडेलला दिलेला मजकूर आधी टोकन नावाच्या तुकड्यांत फोडला जातो आणि मॉडेल वापरून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या विकसकाला पैसे या तुकड्यांच्या हिशेबाने मोजावे लागतात. तुकडे पाडण्याचे नियम मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बनले असल्याने मराठी शब्दांचा अक्षरशः चुरा व्हायचा, आणि तेच वाक्य मराठीत कित्येक पट महाग पडायचे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आले तेव्हा ओपनएआयने नियम बदलले. त्यांच्याच नमुन्यात मराठी मजकुराला आधी नव्वदहून अधिक टोकन लागत होती, ती पस्तिशीच्या आत आली. बदल चांगला होता आणि मी त्याचे मनापासून स्वागत केले. पण २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा यंत्राशी बोलताना किती महाग पडावी, हे आधी ठरले तेव्हाही आणि नंतर बदलले तेव्हाही आपल्याला कोणी विचारले नव्हते. कंपन्या भविष्य घडवतात ते बहुतेक वेळा असे, बाहेर कोणाला दिसणारही नाही अशा तांत्रिक निवडींतून, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असावाच लागतो असे नाही.

यावर ‘मॉडेले खुली होतायत की’ असे उत्तर मला मिळते. त्यात तथ्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने आर१ हे मॉडेल कोणालाही उतरवून घेता येईल असे खुले केले, तेव्हा आता इतक्या चिप लागणार नाहीत या धास्तीने एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ६०० अब्ज डॉलरने घसरले. मेटाची लामा मॉडेलेही उतरवून घेता येतात, मात्र लामा २ च्या परवान्यात महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्यांनी वेगळी परवानगी घ्यावी अशी अट होती, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना दार बंदच. शिवाय दिलेले मॉडेल वापरता येणे आणि नवे मॉडेल मुळापासून घडवता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर यंत्रांचे आहे.

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हाच्या दराने हे सव्वा अब्ज डॉलर होतात. मायक्रोसॉफ्टने एआयच्या डेटा सेंटरांवर, म्हणजे ही यंत्रे ठेवलेल्या इमारतींवर, २०२५ या एका आर्थिक वर्षात ८० अब्ज डॉलर खर्च करणार असल्याचे सांगितले होते. ही शर्यत पैशाने जिंकता येणार नाही, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

तरीही आपल्याकडे मागण्यासारखे काही आहे. अॅझ्युरचे डेटा सेंटर २०१५ पासून पुण्यात आहे, अॅमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत, आणि नवी मुंबईत अशा इमारती वाढत आहेत. त्यांना जमीन, वीज आणि करसवलती आपण देतो, आणि त्या बदल्यात रोजगाराचा आकडा तेवढा विचारतो. त्याऐवजी सवलतीच्या करारातच अशी अट घालावी, की तिथल्या गणनक्षमतेचा, म्हणजे यंत्रांच्या वापराचा, ठरावीक वाटा राज्यातल्या विद्यापीठांना आणि मराठीसाठी काम करणाऱ्या संशोधकांना दरवर्षी मिळेल, आणि तो कोणाला मिळाला हे जाहीर होईल. करार होण्याआधी हे मागता येते. एकदा इमारत उभी राहिली की मागायला हाती काही उरत नाही.