आजीला तहान लागत नाही तेव्हा

गेल्या मे महिन्यात गुहागरला गावी होते, आजी सकाळपासून पडवीत आंबे निवडत बसलेली, डागी वेगळा, तयार वेगळा, अंगावरचं पातळ घामाने पाठीला चिकटलेलं आणि शेजारी पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. पाणी पी म्हटलं की एकच, "तहान लागली तर पिईन ना गो." दुपारी उठायला गेली आणि भिंत धरून खालीच बसली. डॉक्टर म्हणाले अंगातलं पाणी कमी झालंय. मी समोर असून असं झालं, हे अजून सलतं.

तेव्हापासून तहानेबद्दल मिळेल ते वाचतेय. रक्तातलं काहीही मेंदूत सहज शिरू नये म्हणून तिथे कडक पहारा असतो, पण सबफॉर्निकल ऑर्गन नावाच्या एका छोट्याशा जागेत तो सैल असतो, त्यामुळे रक्त किती खारट झालंय ते तिथल्या पेशींना थेट कळतं, एक-दोन टक्के फरक पडला तरी. घाम जाऊन रक्तच कमी झालं तर किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन हे हॉर्मोन बनतं, आणि तेही येऊन पोचतं ते याच जागी. मग तहान लागते. सोबत व्हॅसोप्रेसिन नावाचं हॉर्मोन सुटतं, ते किडनीला पाणी राखून ठेवायला लावतं, म्हणून लघवी गडद होते.

वय झालं की ही तहानच मंदावते. म्हणजे आजी हट्ट करत नव्हती, तिला खरंच लागत नव्हती!

अजून एक, पाणी रक्तात मिसळायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात पण तोंड-घशातून मेंदूला आधीच निरोप जातो आणि तहान लगेच शमते, म्हणून आजी दोन घोटांत तांब्या खाली ठेवते. घामातून मीठही गेलेलं असतं, तेव्हा नुसतं पाणी प्यायलं तर रक्त पातळ होऊन तहान थांबते पण तूट तशीच राहते. सकाळची मीठ घातलेली पेज, दुपारचं कोकम सरबत, हे त्यासाठी किती बरोबर आहे! आजीला बीपी नाही, त्यामुळे एवढ्या मिठाची फारशी भीती नाही.

आता रोज अकराला फोन करते, तहान लागली का असं विचारतच नाही, तांब्या कुठवर आला ते विचारते. काल म्हणाली, "अर्धा झाला गो, आणि पेजही संपवली."